कुत्र्याचा वाटा

कोक-जार गावाच्या आसपास मेंढी कापायची म्हटलं की बेशेनला हाक जायची. लग्न असो, मयत असो, कुणाचा मुलगा फौजेतून परतलेला असो, बेशेननं सुरी धरल्याशिवाय कढई चुलीवर चढत नसे. एका घावात काम. चुकून दुसरा लागलाच तर तो दिवसभर कुणाशी बोलत नसे. तीस वर्षांत हात असा बसला होता की डोकं दुसरीकडे असलं तरी चालायचं. कातडं कुठं सोडवायचं, शेपटीची चरबी कुणाला, मुंडकं कुणापुढे ठेवायचं, सगळं हाताला पाठ. कलेजीत कधी पाण्याच्या पांढुरक्या पिशव्या निघत. तेवढा तुकडा कापून तो मागे न बघता खांद्यावरून भिरकवायचा आणि कुत्रा तो हवेतच झेलायचा. त्याला कुत्र्याचा वाटा म्हणत. माणसांच्या वाट्यांवरून डोकी फुटली होती, कुत्र्याच्या वाट्यावरून कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता.

राग मात्र त्याच्या नाकाच्या शेंड्यावर. बायको बुरुल म्हणायची, "ह्यांना राग येत नाही. आलेला जातच नाही."

एप्रिल महिना होता, मेंढ्या व्यायला लागल्या होत्या, तेव्हा नारीन शहरातून डॉक्टरांची गाडी शाळेत आली. पोरांना ओळीनं झोपवून पोटावर गार चिकट मलम फासायचं आणि सोनोग्राफीचं यंत्र फिरवायचं. दोनशे बारा पोरांत पाच जणांच्या पोटात काहीतरी निघालं. पाचांतली एक बेशेनची आरूके, वय वर्षं दहा, त्याचं एकुलतं लेकरू. तिच्या आधीची दोन पाळण्यातच गेली होती.

बेशेन शाळेत पोचला तेव्हा बुटाला शेण होतं आणि हातात कमची. डॉक्टरीणबाईंचं नाव जिपार. चाळिशीची, काटकुळी, दिवसभर बोलून घसा बसलेला.

"बसा."

"उभा आहे तो बराय. काय झालंय पोरीला?"

तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "हा काळा गोळा दिसतोय? हे यकृत. त्यात पाण्याची पिशवी आहे, सफरचंदाएवढी. रक्ताची तपासणीही तेच सांगतेय."

बेशेन वाकून बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, "मेंढीच्या कलेजीत निघते ती?"

"तीच."

"त्यानं मेंढीला काही होत नाही."

"मेंढी तुम्ही चार वर्षांत कापता. हिला सत्तर वर्षं जगायचंय. कुत्री किती आहेत घरी?"

"एक."

"मोयनोक!" आरूके पलंगावरून ओरडली. "आणि आलीककाकांचा कुत्रा पण आपल्याकडेच जेवतो."

"काय घालता त्यांना?"

"हाडं," बेशेन म्हणाला. खोटं बोलताना तो नेहमी समोरच्याच्या कपाळाकडे बघायचा.

जिपारनं सुस्कारा टाकला. असे कपाळाकडे बघणारे बाप तिनं त्या महिन्यात पन्नास पाहिले असतील. "ही पिशवी कच्ची कुत्र्याच्या पोटात गेली की तिच्यातून जंत होतात. तांदळाच्या दाण्यापेक्षा बारीक, हजारांनी. कुत्रा ठणठणीत असतो. त्याच्या विष्ठेतून अंडी पडतात. ती गवतावर, पाण्यात, त्याच्या केसांत. मेंढी गवत खाते. मुलगी कुत्र्याच्या गळ्यात पडते आणि त्याच हातानं पाव खाते. म्हणजे कुत्र्याला पिशवी देतं कोण, तेवढं आठवा."

बेशेनची मूठ टेबलावर अशी आदळली की मलमाची बाटली उडून खाली पडली. "माझ्या घरात घाण नाही! माझ्या बायकोच्या भांड्यात तोंड बघून घ्या!"

"ओरडून पिशवी विरघळत असती तर मी भोंगा घेऊन फिरले असते," जिपार म्हणाली आणि बाटली स्वतःच उचलली. "आता नीट ऐका. वीस तारखेला राजधानीला, बिश्केकला ऑपरेशन. एकच पिशवी आहे, अख्खी काढता येईल, पोरगी बरी होईल. पण तोवर ती फुटता कामा नये. आतलं पाणी पोटात सांडलं तर अंग सुजतं, श्वास कोंडतो, दहा मिनिटांत खेळ आटोपतो. घोडा नाही, चेंडू नाही, कुणाचा धक्का नाही. कळलं?"

बेशेनच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यानं मान हलवली.

"आणि ही कुत्र्याची गोळी. महिन्याला एक, मांसात घालून. ऑपरेशन होईतो कुत्रा बांधून ठेवा, विष्ठा पुरा."

पाकीट त्यानं अंगरख्याच्या खिशात कोंबलं. कुत्र्याला औषध! त्याचा बाप खोकून खोकून मेला तेव्हा त्याला कुणी गोळी दिली नव्हती. पाकीट खिशातच राहिलं, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला वाटायला नको की नशिबानं घात केला.

दहा दिवस बेशेननं पोरीला राखलं. कसं राखलं ते विचारू नका. त्याचं घर गावापासून तीन किलोमीटर वर, ओढ्याच्या काठी. तो रोज तिच्यापुढे चालायचा, कमची घेऊन. वाटेत गाय आली तर गाईच्या तोंडावर कमची, पोरं पळत आली तर पोरांच्या पायांवर. खेळाच्या मास्तरांनी आरूकेला नुसतं रांगेत उभं केलं, तर त्यानं मास्तरांची गचांडी धरून त्यांना भिंतीला टेकवलं. अंगणातला झोका कुऱ्हाडीनं तोडला. शेजारच्या बाईनं कौतुकानं पोरीला उराशी कवटाळलं, तर तिला असा हिसडा दिला की बाई शेणात बसली. दहा दिवसांत अर्ध्या गावाशी त्याचं वाकडं झालं.

"आबा, मी काय काचेची आहे?" आरूके विचारायची.

"अंडं आहेस तू. गप चाल."

"मग मी कोंबडी कधी होणार?"

तो हसायचा नाही. पण रात्री निजताना तिच्या आणि भिंतीच्या मधे स्वतःची गोधडी घडी करून ठेवायचा, कूस बदलताना लागू नये म्हणून. माया त्याला करता येत होती, दाखवायची रीत मात्र एकच ठाऊक होती.

अठरा तारखेला थोरला भाऊ आलीक, बेशेनचा आके, आला, सोबत त्याची बायको, दोन आत्या, चार शेजारी. दुसऱ्या दिवशी पहाटे आलीकच्याच निवा गाडीनं निघायचं होतं. आलीकनं टोपी मागे सारली आणि अंगणभर नजर फिरवली.

"काय रे, पोरीला सुरीखाली पाठवतोस आणि दारात रक्त नाही सांडलंस?"

"सांडणारच होतो, आके. तुमचीच वाट बघत होतो."

"मग धर की. वाटेतलं अरिष्ट मेंढीच्या अंगावर जाऊ दे, लेकरावर नको."

बेशेननं कळपातली सगळ्यात थोराड मेंढी ओढून आणली. सहा वर्षांची, काळ्या तोंडाची. अरिष्टावरून उतरवायची तर लंगडीलुळी चालत नाही. सगळ्यांनी ओंजळी धरल्या, आलीकनं दुआ मागितली, तोंडांवरून हात फिरले. आरूके ओसरीवर मेंढीच्या कातड्याचा पोस्तीन पांघरून बसली होती. मोयनोक खाली, तिच्या पायांशी. त्या दिवशी त्याला बांधलं नव्हतं. पाहुणे आले की कुत्रा मोकळा असतो, त्याच्याही मेजवानीचा दिवस असतो.

मेंढीचे तीन पाय बांधले, एक मोकळा. मान वळवली. एक घाव. रक्त भांड्यात उसळलं, मोकळा पाय हवेत चार झटके देऊन थांबला. आत्याबाई म्हणाल्या, "गेलं गं अरिष्ट!" आणि बुरुलनं डोळ्यांना ओढणी लावली. बेशेनला बरं वाटलं. दहा दिवसांत पहिल्यांदा त्याला आपण काहीतरी करतोय असं वाटलं. कातडं मुठीनं सोडवत, पोट फाडत, आतडी बाजूला काढत त्याचा हात सरसर चालला होता, आणि आलीक नेहमीसारखा फिरकी घेत होता.

"बिश्केकच्या डॉक्टरला म्हणावं, आमच्या बेशेनकडे शिकायला ये. तिकडं म्हणे चार-चार तास लागतात."

"त्यांना परत शिवायचं असतं, आके."

सगळे हसले. बेशेनही हसला. हसता हसताच त्यानं कलेजी बाहेर काढली. सहा वर्षांची मेंढी. कलेजीवर कोंबडीच्या अंड्याएवढ्या चार पिशव्या, पांढुरक्या, तट्ट फुगलेल्या. सुरी गोल फिरली, तुकडा सुटा झाला आणि तो त्यानं मागे न बघता खांद्यावरून भिरकावला. मोयनोकनं उडी मारून झेलला. दात मिटले तसं पाणी उडालं.

"आबा!" आरूके ओसरीवरून म्हणाली. "आबा, तेच दिलंत तुम्ही त्याला!"

ती रागावली नव्हती. शाळेत मास्तरांची चूक काढावी तसं बोलली. बेशेन सुरी हातात धरून तसाच बसला. डॉक्टरीणबाईंचं वाक्य त्यानं दहा दिवस दाराबाहेर ठेवलं होतं. आता ते आठ पाहुण्यांसमोर आत येऊन बसलं. देतं कोण? हा हात देतो. तीस वर्षं हाच देत आलाय.

आणि नेमक्या त्या वेळी आलीक फिस्सकन हसला. "घ्या! अरिष्ट मेंढीवरून उतरलं ते कुत्र्याच्या पोटात गेलं!"

बेशेन उठला तो सरळ मोयनोकवर. गुडघ्यानं त्याला जमिनीशी दाबलं, दोन्ही हात जबड्यात घातले. "टाक! टाक म्हणतो ना!" गिळलेलं कुठं परत येतं? कुत्रा गुदमरला, घशातून घर्र आवाज आला, आणि मग त्यानं जे कुठलाही कुत्रा करील ते केलं. सुळे बेशेनच्या तळहातातून आरपार गेले. बेशेननं हात ओढला तशी कातडी सालटासारखी निघाली. त्याच्या डोळ्यांपुढे लाल झालं. हाडं फोडायच्या ओंडक्यात कुऱ्हाड रुतवलेली होती, ती त्यानं उपटली.

"आबा नको! आबा, गोळी द्या ना त्याला, डॉक्टरांनी दिलीय!"

आरूके कधी उतरली, कुणी पाहिलं नाही. तिनं मोयनोकच्या गळ्याला मिठी घातली होती. कुत्रा तिच्या हातांत थरथरत होता, पण तिला दात लावत नव्हता. बेशेनला लेक दिसलीच नाही. त्याला दिसले ते कुत्र्याच्या केसांत रुतलेले दोन हात, तेच हात, पाव खाणारे. त्यानं तिचा दंड धरला आणि उपटून बाजूला फेकली. दहा दिवस जिला कुणाचा वारा लागू दिला नव्हता, तिला त्यानं स्वतःच फेकली. ती ओंडक्याच्या कडेवर पोटावर पडली. फार आवाजही झाला नाही.

पहिला घाव मोयनोकच्या खांद्यावर बसला. कुत्रा केकाटत तीन पायांवर गोल फिरला. दुसरा पाठीवर. तिसरा, चौथा. एका घावात काम करणारा माणूस, पण त्या दिवशी त्यानं घाव मोजले नाहीत. भिंतीवर शिंतोडे उडाले, आत्यांच्या पांढऱ्या ओढण्यांवर उडाले. आलीक ओरडत होता, "पुरे रे, मेला तो, पुरे!" आणि बेशेन मेलेल्या कुत्र्यावर कुऱ्हाड घालतच होता. सगळं अंगण त्याच्याकडेच बघत होतं. म्हणून पाठीमागे काय चाललंय, ते आधी फक्त बुरुलनं ऐकलं.

शिट्टी वाजल्यासारखा आवाज. आरूके ओंडक्याला टेकून बसली होती. ओठ सुजले होते, गळ्यावर, हातांवर लाल चट्टे उठले होते, आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती. ती खाजवत होती, दोन्ही हातांनी, घसा.

"फुटली!" बुरुलची किंकाळी वरच्या डोंगरापर्यंत गेली असेल. "अहो, फुटली!"

आलीकची निवा उतारावरून दगडांवर आदळत निघाली. मागे बुरुल आणि बेशेन, त्याच्या मांडीवर आरूके. त्याच्या फाटलेल्या हाताचं रक्त तिच्या केसांत उतरत होतं. तिचे डोळे सुजून मिटत चालले होते.

"आबा... श्वास..."

"घे. घेत राहा. घे, माझं अंडं, घे."

तीन किलोमीटर. अर्ध्यावर रस्ता मेंढ्यांनी भरलेला. कुणीतरी हिवाळ्याच्या गोठ्यातून वसंतातल्या कुरणाकडे कळप घेऊन चाललं होतं, पाचशे-सहाशे मेंढ्या, कोकरांसह. आलीकनं भोंगा दाबून धरला. मेंढ्या भोंग्याला काय भीक घालतात! बेशेन पोरीला बुरुलच्या हातात देऊन खाली उतरला आणि लाथा घालत सुटला. मेंढ्यांच्या बरगड्यांवर, तोंडांवर. एका कोकराला पायानंच उडवलं, ते दगडावर पडून उठलंच नाही. घोड्यावरचा धनगर शिव्या देत आला आणि त्यानं कमची बेशेनच्या तोंडावर ओढली, कपाळापासून हनुवटीपर्यंत. बेशेननं त्याचा पाय रिकिबीतून खेचला.

"मर मेल्या, पण वाट दे! पोरगी मरतेय माझी!"

धनगरानं गाडीत पाहिलं. पाय सोडवून घेतला, घोडा वळवला आणि स्वतःच्याच कळपात टाचा मारून घातला. टापांखाली काय आलं ते त्यानंही पाहिलं नाही. फट पडली, निवा निघाली.

गावचा दवाखाना म्हणजे दोन खोल्या आणि तुर्सुनाय. ती डॉक्टर नव्हती, पण डॉक्टर गावात पोचेपर्यंत सगळं तीच होती. साठीची, बुटकी, तोंडानं फटकळ. तिनं पोरीकडे एकदा पाहिलं आणि कपाट उघडलं.

"आडवी करा. पाय वर. उशी काढ ती! काय झालं?"

"पिशवी फुटली," बुरुल म्हणाली.

सुई विजारीवरूनच मांडीत गेली. आरूकेची शिट्टी आता वाजतही नव्हती. ओठ निळे पडले होते. बेशेन पलंगाच्या लोखंडी दांड्यावर डोकं आपटायला लागला, धाड, धाड.

"आलीक, हा बैल बाहेर काढ!" तुर्सुनाय ओरडली. "का ह्याला पण इंजेक्शन देऊ?"

आलीकनं धरलं तर बेशेननं त्याला कोपर मारलं. आलीकचं नाक फुटलं, पण त्यानं धाकट्याला सोडलं नाही. दोघं भाऊ रक्ताळलेले दाराच्या उंबऱ्यात पडून राहिले आणि तिथून बेशेन बघत होता. पाच मिनिटांनी तुर्सुनायनं दुसरी सुई मारली. हातात सलाईन लावलं, नाकातोंडावर ऑक्सिजन. भिंतीवरच्या घड्याळाकडे ती बघत होती आणि तोंडानं अखंड शिव्या देत होती, कुणाला ते तिलाच ठाऊक. मग शिट्टी परत सुरू झाली. आयुष्यात बेशेनला इतका सुंदर आवाज ऐकू आला नव्हता, आणि तो ऐकायला आपण लायक नाही हेही त्याला त्याच क्षणी कळलं.

"जगेल," तुर्सुनाय म्हणाली. "आज तरी. नारीनला फोन लाव."

नारीनच्या इस्पितळात संध्याकाळीच पोट उघडलं, धुतलं, शिवलं. चौथ्या दिवशी जिपार वॉर्डात आली. आरूके उशीला टेकून बसली होती, अंगाचं पार पाप्याचं पितर झालेलं.

"कशी पडलीस गं? घोड्यावर बसलीस ना? सांगितलं होतं की नाही?"

आरूकेनं बापाकडे पाहिलं. त्याच्या हाताला पट्टी, तोंडावर कमचीचा वळ. "ओसरीवरून घसरले," ती म्हणाली. बोलताना ती जिपारच्या कपाळाकडे बघत होती.

पोरीनं काय काय त्याच्याकडून घेतलं होतं! "खोटं आहे," बेशेन म्हणाला. "मी फेकली तिला."

जिपार त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली. म्हणाली, "आधी एक पिशवी होती. आता तिच्यातलं बी पोटभर सांडलंय. जितकं धुता आलं तितकं धुतलं. राहिलेल्यातून किती नव्या पिशव्या धरतील ते कुणालाच माहीत नाही. रोज गोळ्या, कदाचित वर्ष, कदाचित जास्त. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. पुन्हा ऑपरेशन लागू शकतं. कुत्रा कुठाय?"

"मारला. त्यानं पिशवी गिळली होती. माझ्या हातची."

"कधी?"

"तेव्हाच. त्याच दिवशी."

जिपारनं चष्मा काढला आणि डोळे चोळले. "गिळलेल्या पिशवीचे जंत मोठे होऊन अंडी टाकायला दीड महिना लागतो हो. दीड महिना. एक गोळी दिली असती तर सगळे मेले असते. घाई कसली होती तुम्हाला?"

बेशेन भिंतीला टेकून खाली बसला. ओरडला नाही, कशावर मूठ आपटली नाही. काय आपटणार? जे फोडायचं ते फोडून झालं होतं.

मे महिन्यात आरूकेला घरी आणलं. तोवर कोक-जारनं धडा घेतला होता, नेमका उलटा. बेशेननं कुत्रा मारला तर आपण का मागे राहायचं, म्हणून लोकांनी दांडक्यांनी अकरा कुत्री ठेचली आणि ओढ्यात टाकली. त्यानंतरच्या रविवारी आलीकनं पुतणी वाचली म्हणून मेंढी कापली. कलेजीत पिशव्या निघाल्या, त्यानं त्या भिंतीपलीकडे फेकल्या आणि शेजारच्या गावची कुत्री येऊन खाऊन गेली. माणसं इतकी मठ्ठ असू शकतात यावर माझा विश्वास बसला नसता, पण मीही त्याच गावचा आहे.

बेशेनला कळलं तेव्हा तो आलीककडे गेला. भांडला नाही. फावडं घेऊन त्याच्या परसात छातीएवढा खड्डा खणला, वर लोखंडी झाकण बसवलं आणि म्हणाला, "आके, पुढल्या वेळी यात. वर रॉकेल ओता आणि पेटवा. भिंतीपलीकडे टाकलेलं दिसलं तर बाकीचं नाकही फोडीन." मग दुसऱ्या घरी गेला. महिनाभरात त्यानं एकोणीस खड्डे खणले. ज्यांची कुत्री उरली होती त्यांच्याकडे पहिल्या तारखेला जाऊन तो स्वतः गोळी खाऊ घाली, दोनदा चावून घेतलं. लोक म्हणाले, बेशेन सुधारला. लोकांना काय कळतंय!

आरूकेची गोळी सकाळी, स्निग्ध खाण्याबरोबर द्यायची, तरच ती अंगी लागते. बुरुल धार काढायला गेली होती. बेशेननं पावावर साय जाडसर फासली, वर गोळी ठेवली आणि तो आत आला. पोरगी खिडकीपाशी बसून वही चाळत होती, चांगली रंगात आली होती, स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती.

"आरूके," तो म्हणाला आणि त्यानं पावाचा हात पुढे केला.

गुणगुणणं थांबलं. वही खाली पडली. तिनं दोन्ही हात पोटावर आवळून धरले आणि ती भिंतीला पाठ लावून बसली. ओरडली नाही, रडली नाही. नुसती त्याच्या हाताकडे बघत राहिली.

"गोळी आहे गं. साय लावलीय."

"हो आबा," ती म्हणाली. पण हात काढले नाहीत.

त्यानं पाव सतरंजीवर ठेवला आणि मागे सरला. एक पाऊल, मग दुसरं. ती बघतच होती. तो दारापर्यंत गेला, उंबऱ्याबाहेर गेला, तेव्हा कुठं तिनं एक हात सोडवून पाव उचलला. दुसरा पोटावरच होता. बेशेन बाहेर उभा राहून ती खाताना ऐकत होता. गोळ्यांचे अजून निदान दहा महिने बाकी होते, आणि उद्या सकाळी त्याला परत हात पुढे करायचा होता.